शंभर मीटर म्हणजे नक्की किती?

गेले काही महिने निम्म्या पत्रांत एकच जोडी येते आहे: सीको 5 स्पोर्ट्स घ्यावं की सिटिझन त्सुयोसा? म्हणून आज या दोन ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, घड्याळांभोवतीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : दोन्ही बजेटमध्ये बसतात. मशीन कोणाचं सरस? (नाशिक)

मशीनवरून निवड करू नका. दोन्ही ताशी 21,600 ठोक्यांची आहेत आणि पूर्ण चावी भरली की साधारण 40 तास चालतात. फरक बाहेरून आहे. त्सुयोसाला सफायर काच आहे, तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. सीकोची हार्डलेक्स म्हणजे कडक केलेली साधी काच, ती भिंतीला घासली की खूण राहते. सीकोचा व्यास 42.5 मिमी, त्सुयोसाचा 40. सीको जाडही आहे. दुकानात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट घाला, घड्याळ हातात चढवा आणि कफाचं बटण लावून पाहा. बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो. पट्टे बदलायची हौस असेल तर सीको घ्या; 22 मिमीचा कुठलाही पट्टा त्याला बसतो.

प्रश्न : ऑटोमॅटिकचा सेल किती वर्षांनी बदलावा लागतो? (लातूर)

त्यात सेल नसतो.

प्रश्न : सीको 5 स्पोर्ट्सवर फिरती बेझल (काचेभोवतीची कडी) आहे आणि मागे 100 मीटर लिहिलंय. मित्र म्हणतो, 30 मीटरपर्यंत बिनधास्त जा. तारकर्लीला स्कूबा करताना घालू का? (पुणे)

नाही. मित्राला हा मजकूर वाचायला द्या.

घोळ कुठे झाला ते सांगतो. सीकोचं एसकेएक्स 007 हे खरं डायव्हर घड्याळ होतं: 200 मीटर, आटे फिरवून घट्ट बसणारी चावी. 2019 साली 5 स्पोर्ट्सची नवी मालिका आली तिने चेहरा त्याचाच घेतला, पण चावी साधी ओढायची-दाबायची आणि क्षमता 100 मीटर. बेझल पाहून लोक फसतात आणि विकणाराही गप्प बसतो. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे वेगळं मानक आहे. तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर ‘डायव्हर्स’ हा शब्द नसेल तर ते घड्याळ डायव्हिंगचं समजू नका.

शिवाय 100 मीटर हा आकडा नव्या घड्याळाचा, स्थिर दाबाखालचा. पाणी अडवते ती चावीपाशी आणि झाकणाखाली बसवलेली रबराची बारीक रिंग, आणि ती घामाने, साबणाने, गीझरच्या पाण्याने म्हातारी होते. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ काचेआड वाफ धरलेलं घड्याळ घेऊन आले. समुद्रात कधी उतरले नव्हते, रोज कढत पाण्याने आंघोळ मात्र घड्याळासकट. कोणीतरी सांगितलं म्हणून तीन आठवडे ते तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं! झाकण उघडलं तर रिंग पापडासारखी चपटी आणि स्टेम (चावीची आतली दांडी) तांबूस. पहिल्या दिवशी आणलं असतं तर सफाईवर भागलं असतं. काचेआड वाफ दिसली की त्याच दिवशी घड्याळजीकडे जा, डबे उघडत बसू नका.

त्सुयोसा तर 50 मीटरचंच. पावसात चालेल, पोहण्याच्या तलावात मी घालू देणार नाही. कोणतंही घ्या, वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरमध्ये पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्या आणि पाण्यात असताना चावीला हात लावू नका.

प्रश्न : माझं सीको रोज 20 सेकंद पुढे जातं. दुकानदार म्हणतो, चालायचंच. (सोलापूर)

बरोबर म्हणतो. 5 स्पोर्ट्समधल्या 4आर36 मशीनला कंपनीनेच दिवसाला 45 सेकंद पुढे ते 35 सेकंद मागे एवढी सूट दिलेली आहे. अचानक मिनिटं पुढे जायला लागलं तर चुंबकाचा संशय घ्या: बॅगेचं चुंबकी बटण, स्पीकर, मोबाइलचं कव्हर. साधं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई हलली तर चुंबकत्व काढून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : ऑनलाइन जुनं सीको 5, ‘विंटेज, फुल सर्व्हिस्ड’, चार हजारांत मिळतंय. नव्यापेक्षा हेच बरं ना? (ठाणे)

तबकडी झगमगीत केशरी किंवा निळी आहे का? मग ती बहुधा नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, बाहेरची डबी (केस) तिसऱ्याची. अशा जोडकामाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव या कामी यावं याचं वाईट वाटतं. ‘सर्व्हिस्ड’ म्हणजे पुष्कळदा वरून पॉलिश. घ्यायचंच असेल तर झाकण उघडून आतला फोटो मागा आणि पैसे देण्याआधी तो तुमच्या घड्याळजीला दाखवा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

प्रश्न : क्रिकेट खेळताना घालू का? (सांगली)

काढून ठेवा.

प्रश्न : झोपण्यापूर्वी तारीख बदलली तर चालते का? (बेळगाव)

रात्री 9 ते पहाटे 4 तारखेला हात लावू नका. त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात. आधीच बदलली असेल आणि तारीख दोन आकड्यांच्या मध्ये अडकली असेल, तर जोर लावू नका, घेऊन या.