"आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, तुमच्याच सर्व्हरवर चालवा" असं कंपनी म्हणते. किती भरवसा ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आहे, आजवर टॅली आणि एक्सेलवर भागलं, आता ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं ठरलंय, आणि समोरची कंपनी ओपन सोर्सचं, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना बघायला, वापरायला आणि बदलायला उघडा असल्याचं, नाव पुढे करतेय.

भरवसा ठेवायला हरकत नाही, पण आधी त्या कंपनीचं पोट कशावर भरतं ते बघा. मी उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. गिऱ्हाइकाशी कंपनी पुढे कशी वागणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेलं असतं.

ईआरपीनेक्स्ट या ओपन सोर्स ईआरपीचं घ्या. ते बनवणारी फ्रॅपे ही कंपनी मुंबईची, २००८ पासूनची. सॉफ्टवेअर जीपीएल ३ परवान्याखाली उघडं आहे, म्हणजे ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला कोडही द्यावा लागतो. कंपनी पैसे घेते ते होस्टिंगचे (आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचे) आणि सपोर्टचे. तिच्या क्लाउडवर जे ईआरपीनेक्स्ट चालतं तेच तुम्ही आपल्या मशीनवर बसवू शकता. बेल्जियमच्या ओडू या दुसऱ्या ईआरपीचा मार्ग वेगळा. त्यांची कम्युनिटी आवृत्ती उघडी, एंटरप्राइज पैशाची. कम्युनिटीत बिलं निघतात, पण पूर्ण अकाउंटिंग एंटरप्राइजमध्ये आहे. यात लबाडी काही नाही, ते उघडपणे सांगतात. मात्र विक्रेत्याने ओपन सोर्स म्हणत डेमो एंटरप्राइजचा दाखवला, तर तुम्हाला माणसागणिक वर्गणी भरावी लागणार. म्हणून डेमो बघताना एकच विचारा: "हे जे दाखवताय, यातलं काय काय माझ्या सर्व्हरवर पैसे न भरता चालेल?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट परवान्याची. आज उघडं असलेलं उद्या बंद होऊ शकतं का? होऊ शकतं. सर्व्हरवर लागणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तीन कंपन्या बघा: इलॅस्टिकने २०२१ मध्ये परवाना बदलला, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्मचा बदलला, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचंच सॉफ्टवेअर विकून पैसा करतात, ही या कंपन्यांची तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण आधी दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. त्या तिघांच्या जुन्या कोडवरून इतरांनी अनुक्रमे ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की हे उघडे पर्याय उभे केले; अशा फांदीला फोर्क म्हणतात. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा (जीपीएलचाच आणखी कडक भाऊ) पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सची वाट धरली. परवाना बदलणं कुणाला सोपं जातं? सगळ्या कोडचे हक्क ज्या कंपनीने करार करून एकट्याकडे घेतलेले असतात तिला. शेत कितीजणांनी कसलं तरी उतारा कुणाच्या नावावर आहे, तसंच हे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर कारखानदार काही स्वतः फोर्क चालवत बसणार नाही. तुम्ही एवढंच शोधा की याच सॉफ्टवेअरचं काम करणारा दुसरा कुणी कोल्हापुरात, हुबळीत किंवा पुण्यात आहे का. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीवाल्याला फोन लावलात तर अर्ध्या तासात कळेल. दुसरा माणूस मिळत नसेल तर ओपन सोर्स असूनही तुम्ही एकाच्याच हातात अडकलात.

आता एक बाब जी विक्रेते सहसा बोलत नाहीत. विक्रेत्याने तुमच्यासाठी जीपीएल सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते तुमच्या सर्व्हरवर बसवलं, तर त्या बदलांसकट सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागायचा हक्क तुम्हाला मिळतो. तेच त्यांनी आपल्या सर्व्हरवर ठेवलं आणि तुम्ही नुसतं ब्राउझरमधून वापरलंत, तर जीपीएल त्यांना कोड द्यायला लावत नाही, एजीपीएल लावतं. हीट नंबरवरून (भट्टीतल्या धातूच्या प्रत्येक घाणीचा नंबर) टेस्ट सर्टिफिकेट काढणं, जॉबवर्कचं चलन, रिजेक्शनचा हिशेब, हे सगळं तुम्ही पैसे मोजून करून घेणार. ते कुणाच्या सर्व्हरवर आहे याला म्हणूनच महत्त्व आहे.

आपला सर्व्हर म्हणजे ऑफिसातलाच डबा असं मात्र नाही. भाड्याचा क्लाउड सर्व्हर तुमच्या नावावर असेल आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे असेल, तरी तो तुमचाच. मी स्वतः बहुतेकांना तोच सांगतो. कारखान्यातच ठेवायचा असेल तर त्याला वेगळा यूपीएस द्या, इंडक्शन फर्नेसच्या पॅनलवरची लाइन नको. मोल्डिंग शॉपच्या बाजूला तर मुळीच ठेवू नका, वाळूची धूळ पंख्यात बसली की मशीन तापून बंद पडतं. शिवाय उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, आणि ते सरकारी पोर्टलवरूनच येतं. पावसात हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाइट आणि नेट दोन्ही गेले तर माल भरलेला ट्रक गेटवर उभा राहील. नेटच्या दोन वेगळ्या लाइनी घ्याच.

पैसे वाचतील म्हणून या वाटेला जाऊ नका. सॉफ्टवेअरची किंमत वाचते, ते सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वाचत नाही. आणि बनवणाऱ्या कंपनीकडून सपोर्ट विकत घेतलात तर मला आनंदच आहे, तिचं चाललं तरच ते उघडं राहील.

शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्याला दुसऱ्या कोऱ्या कॉम्प्युटरवर कालचा बॅकअप चढवायला लावा. ईआरपीनेक्स्टमध्ये डेटाबेससोबत जोडलेल्या फाइली आणि साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की हवीच. की नसेल तर आत साठवलेले ईमेलचे वगैरे पासवर्ड उघडत नाहीत. तुमच्या समोर एखादा जुना हीट नंबर टाका. त्याचं टेस्ट सर्टिफिकेट आणि जोडलेलं ड्रॉइंग उघडलं, तर चेक द्या.