गल्पर ईलचं तोंड एवढं मोठं, मग तो खातो काय?

ग्रुपवर फिरणारा गल्पर ईलचा, म्हणजे खोल समुद्रातल्या सापासारख्या लांब माशाचा, फोटो पाहून तुमच्या मुलाने विचारलं, की हा मासा स्वतःपेक्षा मोठे मासे गिळतो का? त्याला सांगा, नाही. त्याचं नेहमीचं खाणं म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव.

सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्गात चुकीचंच शिकवायचो. एवढं तोंड म्हणजे सावजही तेवढंच, असं वाटायचं. पण जाळ्यात आलेल्या गल्परची पोटं तपासली तेव्हा त्यांत जास्त करून कोळंबीच्या जातीचे जीव निघाले. मासे आणि माकूळ त्यामानाने कमी. दातही इतके बारीक, की मोठं सावज धरून ठेवणं अवघडच.

मग एवढा जबडा कशाला? एकदा सकाळी गंगापूर धरणावर फेकजाळं टाकताना मुलाला दाखवा. हातातलं बोचकं हवेत उघडतं, गोल पसरतं, काठाच्या शिशाने खाली बसतं. ओढून वर घेतलं की पाणी निथळून जातं आणि आत उरतात बोटाएवढे मासे. जाळं मोठं असतं ते मोठ्या माशासाठी नाही, जास्त पाणी कवेत यावं म्हणून. गल्परचं तसंच आहे. तो ५०० ते ३००० मीटर खोल अंधारात राहतो. तिथे खाणं विरळ, त्यामुळे समोर आलेला घोळका पाण्यासकट तोंडात घ्यायचा, तोंड मिटायचं आणि पाणी कल्ल्यांच्या फटींतून हळूहळू सोडायचं. शेपटीच्या टोकाला उजेड देणारा अवयव असतो. सावजाला भुलवण्यासाठी तो असावा, असा अंदाज आहे.

स्वतःपेक्षा मोठा मासा खरोखर गिळणारा तो ब्लॅक स्वॅलोअर. तो ईल नाहीच, पण फॉरवर्डमध्ये दोघांची सरमिसळ होते. २००७ मध्ये केमन बेटांजवळ असा एक मेलेला सापडला होता. लांबी १९ सेंटीमीटर, आणि पोटात ८६ सेंटीमीटरचा मासा!

आपल्या गोदावरीतली वामसुद्धा खरी ईल नव्हे, फक्त दिसायला तशी. तिच्यावरून मुलाला गल्पर समजावू नका. त्यापेक्षा २०१८ मध्ये हवाईच्या बाजूला नॉटिलस या संशोधन जहाजाच्या पाणबुडी कॅमेऱ्याने टिपलेला व्हिडिओ शोधून दाखवा. आधी काळा फुगाच दिसतो. मग मासा तोंडातलं पाणी सोडतो आणि बघता बघता चाबकासारखा सडपातळ होतो. ते दोनदा थांबवून दाखवा.