वडील फौजेत असलेला मुलगा वर्गात ‘ठीक आहे’च्या पुढे बोलतच नाही. शिक्षकाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडच्या शाळेत तुमच्या सहावीच्या वर्गात फौजी घरांतली चार मुलं आहेत. त्यातला एक जूनपासून “ठीक आहे मॅम” एवढंच म्हणतो, आणि त्याला बोलतं कसं करायचं हा तुमचा प्रश्न. मी देवळाली कॅम्पच्या बाजूला एका शाळेत एकोणीस वर्षं मराठी शिकवतेय. बोलतं करायचं हे आधी डोक्यातून काढून टाका, असं मी म्हणेन. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

२६ जुलै, कारगिल विजय दिवस. आमच्याकडे दरवर्षी कार्यक्रम असतो. सातवीतल्या एका मुलीचे वडील तोफखान्यात होते आणि तेव्हा फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर होते. तिचं कौतुक करू म्हणून मी तिला न विचारता स्टेजवर बोलावलं. “हिचे बाबा या क्षणी आपलं रक्षण करतायत” वगैरे बोलले. अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या आणि पोरगी पांढरीफटक पडली. पुढचे दोन दिवस ती शाळेत आलीच नाही. मला वाटलं, लाजली असेल.

पंधरा दिवसांनी वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याबरोबर जिना उतरताना ती म्हणाली, “मॅम, स्टेजवर तर ज्यांचे पप्पा शहीद झालेत त्यांनाच बोलावतात ना?” आधीच्या दोन छावण्यांत तिने तेच पाहिलं होतं. शाल, नारळ, एक बाई, तिला बिलगलेलं मूल आणि टाळ्या. घरी खोटं कळवलंय आणि शाळेला खरं माहीत आहे, असं वाटून ती दोन दिवस आईच्या फोनपाशी बसून होती. त्यानंतर मी कुणाच्या वडिलांच्या नोकरीवर वर्गात भाषण केलेलं नाही.

ती हे बोलली कुठे, तेही बघा. जिन्यात, हातात वह्या, दोघींचंही लक्ष पायऱ्यांकडे. समोर खुर्चीत बसवून “बोल बाळा, काय होतंय?” असं विचारलं असतं तर तिनेही “ठीक आहे” म्हटलं असतं. या मुलांना मोठ्या माणसांसमोर ‘ठीक आहे’ म्हणायची सवयच असते. फोनवर पप्पांना तेच सांगायचं असतं, त्यांना तिकडे काळजी नको म्हणून. मी अशा मुलांना रोजचं एखादं काम देते. वह्या नेणं, फळा पुसणं, ग्रंथालयाच्या पेटीची किल्ली सांभाळणं. काम करताना त्यांचं बोलणं आपोआप येतं, नाही आलं तर तेही चालतं. सगळ्याच मुलांना सांगावंसं वाटत नसतं. काही मुलं खरंच ठीक असतात, आणि आपणच दुःख हुडकत बसतो.

आता ही मुलं म्हणजे नेमकी कोण? स्टाफरूममध्ये समज असा की फौजींची सगळी मुलं केंद्रीय विद्यालयात असतात. बदलीच्या नोकऱ्यांसाठीच त्या शाळा १९६३ पासून सुरू झाल्या हे खरं, पण सगळी तिथे जात नाहीत. आमच्याकडे दोन प्रकार आहेत. एक, वडील देवळालीच्या तोफखाना शाळेत किंवा नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला पोस्टिंगवर आलेले, घरची भाषा पंजाबी, तमिळ नाहीतर गढवाली. ही मुलं सगळ्यांच्या लक्षात येतात. दुसरी आपलीच, सिन्नर-निफाड-चांदवडची. वडील फील्डला, आजी-आजोबा गावी, आणि आईने शाळेसाठी लॅम रोडला नाहीतर जेलरोडला दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. ती मराठी बोलतात, आडनाव ओळखीचं असतं, त्यामुळे त्यांचे वडील वर्ष वर्ष घरी नाहीत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या चौघांत हा मुलगा कुठला आहे, ते आधी बघा.

पहिल्या प्रकारच्या मुलांची अडचण माझ्याच विषयात सगळ्यात जास्त. २०२० च्या कायद्यापासून महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, ते मला मान्यच आहे. पण हिसारहून सातवीत आलेलं पोर बाराखडीपासून सुरू करतं, आणि वर्गातली बाकीची मुलं हसतात. तेवढ्यासाठी मी पहिलीची पुस्तकं कपाटात ठेवते, मधल्या सुट्टीत वाचायला देते, वर्गासमोर नाही.

आणि आपले निबंधाचे विषय! ‘माझे गाव’, ‘माझा बालपणीचा मित्र’. एका मुलाने ‘माझे गाव’ खाली बबीना, भटिंडा, बिन्नागुडी, देवळाली अशी चार छावण्यांची नावं एकाखाली एक लिहिली, पुढे कोरं पान. मी आधी लाल पेन उचललं होतं. मग विचारलं, यातल्या कुठल्या क्वार्टरचं दार तुला अजून आठवतं? पावणेदोन पानं लिहिली त्याने. शुद्धलेखनाचा आनंदच होता, पण मार्क दिले.

काय विचारू नये? “पप्पा कुठे आहेत?” हे. गावाचं नाव, युनिट, परत कधी येणार, हे बाहेर सांगायचं नाही असं त्यांना घरी बजावलेलं असतं. आपण सहज विचारतो आणि मूल पेचात पडतं, बाईंशी खोटं बोलावं की आईचं ऐकू नये. ‘फील्डला आहेत’ एवढं उत्तर पुरे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही गणवेशातल्या वडिलांचे फोटो टाकू नका, हौस कितीही असो.

फॉर्मवर वडिलांचीच सही मागणारे क्लार्क हा वेगळा ताप. आईची सही चालते, हे मुख्याध्यापकांकडून एकदा लेखी घेऊन ऑफिसात लावून टाका. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाचा दाखला उशिरा आला म्हणून सरकारी-अनुदानित शाळेला आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. आयांना हे ठाऊक नसतं, त्या बिचाऱ्या खेटे घालत बसतात.

सुट्टीबद्दल मात्र थोडं सविस्तर. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि त्याशिवाय थोडी किरकोळ रजा असते, पण कधी मिळेल ते त्याच्या हातात नसतं. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात वडील आले तर मूल दांडी मारणारच. मी त्याची चाचणी नंतर घेते, कुरकुर न करता. सगळ्यांना वाटतं वडील आले म्हणजे मूल खूश. पहिले चार दिवस असतं. मग घरात दोन राज्यं होतात. आईने वर्षभर चालवलेल्या घरात वडील नवे नियम लावतात, फौजेतलेच, आणि मूल वर्गात चिडचिड करायला लागतं. जाताना आमच्या भागातले बरेचसे जण मनमाडहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्सप्रेस पकडत. स्टेशनवरून परतलेलं मूल पुढचा आठवडाभर एक तर झोपाळलेलं, नाहीतर मारामाऱ्या करणारं. त्या आठवड्यात शिक्षा नको, गृहपाठही जरा कमी. आई सुट्टीच्या तारखा आपण होऊन सांगत नसेल, तर एवढंच म्हणा, “ते यायच्या-जायच्या वेळी मला कळवत जा, कारण सांगायची गरज नाही.”

देवळालीच्या रेंजवर फायरिंग असलं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. नवीन मुलं दचकतात. एकदा तोफखान्यातल्या मुलीनेच अख्ख्या वर्गाला समजावलं, “आपलंच आहे, प्रॅक्टिस चालू आहे.” पण मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत हीच मुलगी घरी टीव्हीसमोरून हलत नव्हती, असं तिच्या आईने जूनमध्ये शाळा उघडल्यावर सांगितलं. तिच्या पप्पांचा फोन तेव्हा चार दिवस लागत नव्हता. अशा दिवसांत शाळा चालू असेल तर वर्गात बातम्यांची चर्चा बंद ठेवा, आणि रिक्षावाल्या काकांनाही सांगून ठेवा. एका मुलाने मधल्या सुट्टीत फौजी घरातल्या मुलाला विचारलं होतं, “तुझे पप्पा मेले तर तुम्हाला पैसे मिळणार ना?” त्याने वाईट हेतूने विचारलं नव्हतं, घरी मोठ्यांचं बोलणं ऐकलं होतं. मी त्याला बाजूला घेतलं, ओरडले नाही. दुसऱ्याला एवढंच विचारलं, “डबा माझ्याबरोबर खातोस का?”

(जाता जाता, इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे चक्रम, आणि तो शब्द आपल्या देवळालीवरून आलाय. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सोल्जर इथे महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. वाट बघण्याने मोठ्यांचं असं होतं, ही तर अकरा वर्षांची पोरं.)

कधी मात्र थांबायचं नाही? दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, अंथरूण ओलं होतंय, किंवा एकदा जरी स्वतःला इजा केली वा तसं बोलला, तर आईला त्याच दिवशी सांगा. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना, नसतील तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. “मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन कुठल्याही मुलाला देऊ नका. “तुला धोका असेल असं काही असेल तर आईला सांगावं लागेल, बाकी माझ्याजवळच” हे आधीच सांगितलं की मुलं उलट जास्त विश्वास ठेवतात.

राहिला तुमच्या वर्गातला तो मुलगा. त्याला दिवाळीपर्यंत वेळ द्या. रोज हजेरीनंतर एखादं काम सांगा आणि त्याच्याशी क्रिकेट, डबा, सायकल यावर बोला. वडिलांचा विषय त्याने काढला तर ऐका, पुढचा प्रश्न विचारू नका. आणि एक गोष्ट आजच करा. त्याच्या आईला विचारा, पुढची पोस्टिंग कधी अपेक्षित आहे. मार्चमध्ये जाणार असेल तर फेब्रुवारीतच वर्गाला सांगून त्याला नीट निरोप घेऊ द्या. आमच्याकडे एक मुलगा शुक्रवारी होता आणि सोमवारी नव्हता. त्याच्या बाकावरच्या मित्राने वर्षभर ती जागा रिकामी ठेवायला लावली होती.