तेल आलेल्या किनाऱ्यावर मदतीला जाताना

प्रश्न : दीड दिवसाच्या प्रवासावर एका किनाऱ्याला जहाजातलं तेल लागतंय. आम्ही सहा जण उद्याच निघतोय. फावडी, घमेली, रबरी हातमोजे आणि डिटर्जंटची दोन पोती घेतली आहेत. आणखी काय घ्यावं?

उत्तर : आधी डिटर्जंट गाडीतून उतरवा. त्याने तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंब होऊन वाळूत खोल मुरतं आणि मग ते उपसणं कठीण होतं.

आणि उद्या निघू नका. ताज्या तेलातून बेंझिनसारख्या विषारी वाफा उठतात, सुरुवातीचे दिवस त्यांचा जोर असतो आणि धुळीचा मास्क त्या अडवत नाही. काम संपून जाईल ही भीती नको. डिसेंबर 2007 मध्ये दक्षिण कोरियात तेआनच्या किनाऱ्यावर तेल आलं, तेव्हा दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले आणि दगड पुसण्याचं काम कित्येक महिने चाललं. तुम्ही जाताय त्या किनाऱ्याच्या समन्वय केंद्रात नाव नोंदवा, तारीख मिळवा, राहण्याजेवण्याची सोय स्वतःची स्वतः करा आणि निदान पाच दिवस हातात ठेवा. पहिला दिवस प्रशिक्षणातच जातो.

अपवाद एकच. तेल अजून किनाऱ्याला लागलं नसेल आणि केंद्राने बोलावलं, तर लगेच जा. भरतीरेषेच्या आसपासचा प्लास्टिक-लाकडाचा कचरा उचलून वर न्या. तेल लागलं की तोच कचरा घातक ठरतो. ही सगळ्यांत मोलाची मदत आहे, आणि नेमकी तीच राहून जाते.

साध्या रबराचे हातमोजे तेलात फुगतात आणि फाटतात. नायट्राइलचे (तेलात टिकणारं कृत्रिम रबर) घ्या: आत पातळ जोडी, वर कोपरापर्यंतची जाड. अंगावरच्या संरक्षक सूटची बाही आणि हातमोजा टेपने जोडताना टेपचं टोक दुमडून ठेवा, नाहीतर तेलकट हातांनी ते सुटत नाही. उतरवताना आधी बाहेरचे मोजे, मग सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, आतले मोजे शेवटी. हे कपडे तिथेच टाका, गाडीत आणू नका. त्वचेला तेल लागलं तर खाद्यतेलाने पुसून साबणाने धुवा. रॉकेल-पेट्रोल कदापि नको.

वाळूवर मात्र हात आवरा. तेलाचा थर बहुधा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरातच असतो. फावडं जवळजवळ आडवं धरून दुधावरची साय काढावी तसा तो ओढायचा. खणलंत, की तेल खाली जातं आणि चांगली वाळू कचऱ्यात. तेलावरून चालूही नका, पाऊल ते आत दाबतं. दहा लिटरची बादलीभर वाळू सोळा किलोंच्या आसपास भरते, म्हणून जाड पिशवी एक तृतीयांशच भरा, दुहेरी घाला, ओढू नका. भरलेल्या पिशव्या भरतीरेषेच्या वर सावलीत ठेवा, उन्हात प्लास्टिक ठिसूळ होऊन फुटतं. खडकांवर गरम पाणी जोराने मारू नका. 1989 मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ या जहाजातून तेल सांडल्यानंतर तसं केलं, आणि तेलातून वाचलेले शंख-शिंपलेही त्यात मेले.

सूटमध्ये उष्माघात चटकन होतो. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, तेही मोजे काढून, स्वच्छ जागेत. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी किनाऱ्यावर उतरू नये. नोंदणीचं टेबल, साहित्यवाटप, स्वयंपाक इथेही माणसं कमीच पडतात.

प्रश्न : तेलाने माखलेला पक्षी दिसला तर लगेच धुवावा का?

उत्तर : नाही. गारठलेला, थकलेला पक्षी धुण्याच्या ताणानेच मरतो. आधी त्याला ऊब, पाणी, अन्न देऊन सावरावं लागतं, त्यात एक-दोन दिवस जातात. हे काम पक्षी-बचाव केंद्राचं, त्यांना कळवा. त्यांनी पकडायला सांगितलं तरच हातमोजे आणि चष्मा घालून टॉवेल टाकून धरा. लांब चोच डोळ्यावर येते. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, एकेकटा ठेवा. चोच बांधू नका, तो गुदमरेल.