ताडोबाला जाताना कोणती लेन्स घेऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गेल्या महिन्यात निवृत्त झालो. फेब्रुवारीत आम्ही दोघं नवरा-बायको ताडोबाला जातोय, चार सफारी बुक झाल्यात. माझ्याकडे निकॉन डी३१०० आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स आहे. दीड लाख रुपये बाजूला काढलेत. भाचा म्हणतो, बॉडी आहे तीच ठेवा आणि १५०-६०० घ्या. दुकानदार म्हणतो, मिररलेस घ्या. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला होता, अजून अधूनमधून दुखतो. काय करू?
– वि. का., विक्रोळी

उत्तर : वि. का., तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. तिथूनच सुरुवात करते.

मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. पण १५०-६०० मिमीची कुठलीही लेन्स घ्या, वजन दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्तच भरतं. त्यात बॉडीचा अर्धा किलो मिळवा. दुकानात दोन मिनिटं हातात धरून बघितली तर काहीच वाटत नाही. पण पाणवठ्यापाशी जिप्सी उभी असते, गाइडने बोट दाखवलेलं असतं, बांबूच्या बेटात काहीतरी हललेलं असतं आणि तुम्ही वीस मिनिटं कॅमेरा छातीशी धरून बसलेले असता. वाघ बाहेर येतो तो एकविसाव्या मिनिटाला. तेव्हा खांद्याने दगा दिला तर सहाशे मिमीचा उपयोग काय?

एरवी मला कुणी विचारलं, की मी भाच्याच्याच बाजूने बोलते. आधी लेन्स, मग बॉडी. चांगली लेन्स पंधरा वर्षं साथ देते. पण तुमच्या बाबतीत दुकानदाराचं म्हणणं पटतं, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला हलका कॅमेरा घ्या. डी३१०० गुणी कॅमेरा आहे, मात्र त्याचा नेहमीचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२००ला थांबतो, फोकसचे बिंदू ११ आणि वेग सेकंदाला तीन फोटो. फेब्रुवारीत गेट उघडतं तेव्हा सागाच्या आणि ऐनाच्या झाडांखाली अजून अंधारच असतो. चालणाऱ्या वाघाला निदान १/५०० सेकंदाचा शटर हवा. तेवढ्या उजेडात ३२०० पुरत नाही.

म्हणून माझी पसंती कॅनन आर१० हा मिररलेस कॅमेरा आणि आरएफ १००-४०० ही लेन्स या जोडीला. बॉडी ४२९ ग्रॅम, लेन्स ६३५ ग्रॅम. दोन्ही मिळून एक किलोच्या जेमतेम वर. सेन्सर (फोटो टिपणारी चिप) लहान असल्यामुळे ४००ला १.६ने गुणायचं, म्हणजे ६४० मिमीइतकी जवळीक मिळते. प्राण्याचा डोळा ओळखून कॅमेरा स्वतः फोकस धरतो. नव्याने शिकणाऱ्याला याची फार मदत होते, कारण गवताच्या काड्यांवर फोकस बसून मागचा वाघ धूसर येणं हे पहिल्या सफारीचं नेहमीचं दुःख आहे.

उणीवही सांगते. ही लेन्स ४००ला एफ/८ आहे; एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं तोंड लहान. एफ/५.६च्या लेन्समध्ये याच्या दुप्पट उजेड शिरतो. पहिला अर्धा-पाऊण तास तुम्हाला आयएसओ ६४०० किंवा त्याच्याही वर जावं लागेल आणि फोटोत दाणे दिसतील. ते दिसू देत. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, घरी संगणकावर बरेचसे साफ होतात. हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. दुसरं, बॉडी आणि लेन्स दोन्हींना धूळ-पाण्यापासून पक्कं संरक्षण नाही. घरातला सुती पंचा बरोबर ठेवा आणि गाडी चालू असताना कॅमेरा त्यात गुंडाळून मांडीवर घ्या. पुढच्या जिप्सीने उडवलेली धूळ इतकी बारीक असते की दातांत करकरते.

जुना कॅमेरा विकू नका. तो १८-५५सकट वहिनींच्या हातात द्या. ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, मोबाइल वापरायला बंदी आहे, त्यामुळे रुंद फोटो फोनवर काढू हा बेत तिथे चालत नाही. आणि जिप्सीत लेन्स बदलायची नाही, हे मी हात जोडून सांगते. २०१४च्या एप्रिलमध्ये ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या बाजूला मोहाच्या झाडामागून बिबट्या अगदी रस्त्यावर आला. गाडीपासून दहा-बारा पावलांवर. माझ्याकडे ४००ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) होती, नुसतं तोंड मावत होतं. मी घाईघाईने लेन्स काढली, दुसरी लावेपर्यंत त्याने रस्ता ओलांडला होता. बिबट्या गेला तो गेलाच, आणि सेन्सरवर बसलेला धुळीचा कण पुढच्या तिन्ही सफारींच्या प्रत्येक फोटोत आकाशात उजवीकडे काळा ठिपका होऊन राहिला. तेव्हापासून जंगलात मी प्राइमपेक्षा झूमच नेते. ताडोबाचे वाघ पुष्कळदा रस्त्यावरूनच चालत येतात, तिथे १००ची बाजूसुद्धा ४००इतकीच कामाला येते.

ट्रायपॉड घरी ठेवा. जिप्सीत तो उभा राहत नाही आणि शेजाऱ्याच्या पायात येतो. त्याऐवजी बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी, शिवा. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापायचा, एक तोंड दुहेरी शिवणीने बंद करायचं, दुसऱ्याला वेल्क्रो लावायचं. मधोमध एक आडवी शीव घाला, पण वेल्क्रोच्या बाजूला चार बोटं जागा सोडा म्हणजे दाणे दोन्हीकडे जातील. मग ती जिप्सीच्या दांड्यावर खोगिरासारखी बसते, घसरत नाही. मुंबईहून रिकामीच न्या. तिकडच्या किराणा दुकानात दीड-दोन किलो मटकी घेऊन भरा. मटकी का, तर दाणा बारीक आणि गुळगुळीत असतो, लेन्सच्या आकारात सरकून बसतो. राजम्यात फटी राहतात. परतताना ती मटकी जिथे उतरला असाल तिथल्या स्वयंपाकघरात देऊन या.

बीनबॅगवर लेन्स टेकवली की पहिलं वाक्य, "दादा, गाडी बंद करा." इंजिनाची थरथर दांड्यातून थेट लेन्समध्ये उतरते. एवढं करूनही मागच्या सीटवरचा कुणी उठून उभा राहिला की स्प्रिंगवर गाडी डुलते आणि चौकटीतला वाघ वरखाली होतो. म्हणून आत शिरण्याआधीच बरोबरच्या मंडळींशी गोडीत ठरवून घ्या, की प्राणी दिसला की कुणी जागा बदलायची नाही. आम्ही दर वेळी गेटवर चहा पितानाच हे बोलून घेतो.

आता पैसे देण्याआधीची गोष्ट. हीच जोडी एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या आणि भांडुप पंपिंग स्टेशनला जा, विक्रोळीहून ते जवळच आहे. खाडीकडच्या रस्त्यावर घारी घिरट्या घालत असतात. उडती घार चौकटीत पकडणं वाघापेक्षा कितीतरी अवघड आहे. शटर १/२००० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर वेगाने हलणारे पंख वाकडे येतात. बसलेल्या वाघासमोर मात्र तोच शटर चालू करा, अजिबात आवाज होत नाही. दोन दिवसांत खांदा काय म्हणतो तेही कळेल. मग फोर्टात बोरा बाजारात दोन-तीन दुकानांत भाव विचारून खरेदी करा. डिसेंबरपर्यंत घेतलीत तर हातात दोन महिने राहतात. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता अंगठ्याने आयएसओ आणि उजेडाची भरपाई (फोटो उजळ किंवा गडद करणं) बदलता आली पाहिजे. हे रोज संध्याकाळी घराच्या खिडकीत बसून करा, समोरच्या तारेवरचा कावळा चालेल. जादा बॅटऱ्या दोन घ्या, थंडीत त्या लवकर उतरतात.

प्रश्न : मी टीवायला आहे, अजून मोबाइलवरच फोटो काढते. ३००० मिमी झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) घेतला तर कुठलीच लेन्स घ्यायला नको, असं मैत्रीण म्हणते. खरं आहे का?
– सा. प., परळ

उत्तर : सा. प., तो आकडा निकॉनच्या पी१०००चा आहे. खोटा नाही, पण अर्धाच आहे. त्या कॅमेऱ्यातला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. भर उन्हात शिवडीला लांब चिखलात उभा असलेला फ्लेमिंगो तो छान टिपेल. पहाटे किंवा सावलीत चित्र पिठूळ होतं, आणि ३००० मिमीवर श्वास घेतला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो. शिवाय लांबच्या अंतरावर तापलेली हवाच थरथरते, त्यावर कुठल्याही लेन्सचा इलाज नाही.

तू आधी ८×४२ची (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घे. हे मी मनापासून सांगतेय. एक हिवाळा ठाण्याच्या खाडीवर आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दुर्बिणीने बघ. भरती चढताना पक्षी किनाऱ्याच्या बाजूला कसे सरकतात, कुठला पक्षी उडण्याआधी मान ताठ करतो, हे कळायला लागलं की कॅमेरा कुठे रोखायचा ते आपोआप समजतं. मग सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि ७०-३०० घे. घेताना काय तपासायचं ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझ्या ७०-२०० लेन्समध्ये आतल्या बाजूला पांढरट जाळीसारखं काहीतरी दिसतंय. लेन्स कव्हरमध्ये घालून कपाटातच होती, पावसाळाभर काढली नव्हती. पुसून जाईल का?
– अ. दे., माहीम

उत्तर : बाहेरून पुसून जाणार नाही, अ. दे. ती बुरशी आहे. मुंबईत लेन्स पडून फुटण्यापेक्षा कपाटात बुरशीने जास्त खराब होतात.

मला हे कसं कळलं ते सांगते. एका दुकानातून मी जुनी ३०० मिमी घेतली होती. काच वरून आरशासारखी. घरी आल्यावर दिवे घालवले, मागच्या बाजूने टॉर्च मारला आणि पुढून तिरकं पाहिलं. आत काचेच्या कडेपासून मध्याकडे कोळिष्टकासारखे धागे पसरलेले होते, एकेका धाग्याला आणखी बारीक फांद्या. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. साफ करायला दिली तेव्हा कारागिराने उघडून दाखवलं. धागे पुसले गेले, पण ते जिथे होते तिथे काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं होतं, त्यांचे ठसे तसेच राहिले. समोरून ऊन आलं की त्या लेन्सचा फोटो आजही धुरकट येतो.

म्हणून उशीर करू नका. जाणत्या कारागिराकडे या आठवड्यातच द्या. बुरशी ताजी असेल तर कोटिंग वाचण्याची शक्यता चांगली असते.

परत आल्यावर ती लेन्स चामड्याच्या किंवा कापडी कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तमच. नाहीतर रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. तांदूळ ठेवण्याचा उपाय करू नका, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. रंग बदलणारं जेल असेल तर ते वाळवण्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यासाठी वेगळं भांडं ठेवा.

एसीच्या खोलीतून लेन्स एकदम गॅलरीत नेली की काचेवर वाफ धरते. बॅगेची चेन बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी लेन्स बाहेर काढा, झूम दोन-चार वेळा पुढेमागे फिरवा, खिडकीतून दहा फोटो काढा. माझी सगळ्यात जुनी लेन्स अठरा वर्षांची आहे. आज सकाळीच टॉर्च लावून पाहिली, आतून स्वच्छ आहे.