सकाळी सहालाच फोन वाजतो…

प्रश्न : ताई, मी नुकतीच महिला राखीव वॉर्डातून नगरपरिषदेवर निवडून आले. माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, मुलगी दहावीला. सकाळी सहापासून फोन सुरू, नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, घंटागाडी आली नाही, आणि मुलीशी धड बोलणंच होत नाही. मिस्टर म्हणतात, तू दुकान बघ, मीटिंगला मी जातो. काय करू?

उत्तर : आधी हेच सांगते, मीटिंगला तूच जा. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या त्या बायकांनी स्वतः बसून बोलावं म्हणून, आणि सभेत मत तुझंच धरतात, मिस्टरांचं नाही. त्यांना मदत करायचीच असेल तर सकाळचा डबा आणि मुलीचा क्लास त्यांच्याकडे दे ना, ती खरंच मोठी मदत आहे गं.

फोनसाठी दुकानातच रोज संध्याकाळी एक तास ठरव, तसा बोर्ड लाव. पाण्याची तक्रार आली की पाणीपुरवठा विभागात लेखी द्यायची, पोच घ्यायची, वहीत तारीख टाकायची, म्हणजे तेच तेच डोक्यात घोळत राहत नाही. रात्री आठनंतर फोन मुलीच्या खोलीबाहेर.

आणि एक, पालिकेच्या शाळेचे गणवेश शिवायचं काम तुझ्या दुकानासाठी घेऊ नकोस हं, कितीही सरळ वाटलं तरी. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात पालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा हितसंबंध असला तर पद जाऊ शकतं, आणि दुसऱ्याच्या नावावर घेतलं तरी सुटका नाही.