पार्किन्सनमध्ये एकाचे दोन दिसणं: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी गोळीचं घड्याळ बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की नानांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन आहे, पेपर वाचताना ओळीवर ओळ चढते, लांबचं मात्र नीट दिसतं. आणि एकाच तपासणीत तिरळेपणाचं ऑपरेशन ठरवून पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली आहे. हे वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधात काहीही बदल करायचा तर तो न्यूरोलॉजिस्टना विचारूनच करा. एक डोळा झाकला की दुसरं चित्र जातं, हे तुम्ही पाहिलं असेलच असं धरून पुढे लिहितो.

माझा पहिला प्रश्न: तिरळेपणाचं मोजमाप किती वाजता घेतलं, आणि त्याआधीची सिंडोपा (पार्किन्सनची लेव्होडोपा असलेली गोळी) किती वाजता घेतली होती?

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते हेच. एका मोठ्या दवाखान्यात (नाव घेत नाही) ‘उपाशीपोटी या’ सांगितलं, त्यात सकाळची गोळी राहिली, मोजमाप दुपारी झालं आणि त्याच आकड्यावर ऑपरेशन ठरलं. कागदावर गोळीची वेळ कुणीच लिहिली नव्हती. जवळचं एक दिसायला लागलं, पण समोरून येणाऱ्या रिक्षा दोन झाल्या.

असं का होतं ते समजून घ्या. वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. पार्किन्सनमध्ये ही ताकद कमी होते आणि लेव्होडोपाचा अंमल ओसरला की काहींमध्ये ती आणखी घसरते. समजा, अंमल नसताना जवळचा फरक १६ प्रिझम डायॉप्टर (तिरळेपणा मोजायचं माप) आला, अंमलात ८ आला, आणि लांबचा दोन्ही वेळा फक्त २ आहे. सर्जनने १६ धरून आतले, म्हणजे नाकाकडचे, स्नायू आखूड केले, तर डोळे लांब बघतानाही आतच ओढले जाणार. सर्वसाधारणपणे स्नायू १ मिमी सरकवला की २ ते ४ डायॉप्टरचा फरक पडतो. म्हणजे चुकीच्या वेळी घेतलेला आकडा थेट मिलिमीटरमध्ये उतरतो, आणि शिवलेला स्नायू गोळीबरोबर सैल होत नाही.

म्हणून मोजमाप चार हवीत: ६ मीटरवर आणि ३३ सेंटिमीटरवर, गोळीनंतर साधारण तासाभराने एकदा आणि पुढच्या गोळीच्या जरा आधी एकदा. त्यासाठी मुद्दाम गोळी चुकवू नका. प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहून घ्या. हेच मोजमाप काही महिन्यांनी पुन्हा करा. बहुतेक सर्जन आकडे सहा महिने तरी स्थिर राहिल्याशिवाय सुरी लावत नाहीत, आणि वाढत्या आजारात तर ही वाट बघायलाच हवी. चोपड्याहून मुंबई-पुण्याला जाणार असाल तर गोळ्या बॅगेत नको, खिशात ठेवा. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्या, कारण डाळ-दुधातल्या प्रोटीनमुळे ती नीट शोषली जात नाही.

माझं स्पष्ट मत: जवळचंच दोन दिसत असेल तर ऑपरेशन हा शेवटचा उपाय. आधी वाचनाचा वेगळा चष्मा करा, त्यात प्रिझम (चित्र बाजूला सरकवणारी पाचरीसारखी काच) घाला, तिचा जाड पाया नाकाकडे. लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह नको. तसल्या चष्म्याने पायरी उतरताना धडपडायला होतं. नंबर अजून हलत असेल तर पक्की काच बनवू नका, चष्म्यावर चिकटवायची फ्रेनेल पट्टी (बारीक रेघांचा प्लास्टिकचा प्रिझम) घ्या. ती सुमारे १ मिमी जाड असते आणि ४० डायॉप्टरपर्यंत मिळते. तिच्यातून थोडं धूसर दिसतं, हे नानांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत काढून टाकतील. काचेच्या आकारात कापायची, गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या अंगाला, रेघांची बाजू डोळ्याकडे. पातेल्यातल्या पाण्यात बुडवूनच बसवा आणि अंगठ्याने मधून कडेला बुडबुडे काढा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात, म्हणून आरओचं पाणी वापरा. एक दिवस वाळू द्या.

एका काचेवर धूसर टेप लावली तरी दुसरं चित्र जातं. पण एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, आणि पार्किन्सनचा माणूस आधीच पडायला टेकलेला असतो. मोरीच्या उंबऱ्याला आणि ओट्याच्या पायरीला आधी पिवळी पट्टी मारा, मग टेप.

ऑपरेशन करायचंच ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी भेटा. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर मळमळ आणि उलट्या खूप होतात, त्यामुळे उलटीचं इंजेक्शन सवयीने दिलं जातं. ते पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल असेल तर डोपामिन (पार्किन्सनमध्ये मेंदूत आधीच कमी पडणारं रसायन) अडतं आणि माणूस लाकडासारखा आखडू शकतो. ‘पेरिनॉर्म, स्टेमेटिल नको’ असं केसपेपरवर लाल पेनाने लिहून घ्या. त्याऐवजी ऑन्डानसेट्रॉन हे उलटीचं औषध चालेल का ते त्यांना विचारा. पार्किन्सनचीच सेलेजिलिन किंवा रॅसाजिलिन सुरू असेल तर पेथिडिन आणि ट्रामाडोल या वेदनाशामकांशी ती जुळत नाही, त्याबद्दलही तोंडी न सांगता लेखीच द्या. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर देता येईल का, आणि नंतरची किती वाजता, हे आदल्या दिवशीच ठरवा. स्नायू ओढला की नाडी मंदावते, म्हणून हृदयाची आणि बीपीची औषधंही सांगा. टाका नंतर सैल-घट्ट करता येण्याची पद्धत असते; पण थरथर जास्त असेल तर जागेपणी ती जुळवणं अवघड जातं.

सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) आजारात चित्र उलटं असतं: लांबचं दोन दिसतं, जवळचं एक, आणि तिथे ऑपरेशनमध्ये बाहेरचे स्नायू आखूड करतात. पीएसपी या पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारात नजर खालीच जात नसेल तर तो तिरळेपणा नव्हे, त्यावर हे ऑपरेशन नाही. ताट दिसावं म्हणून दोन्ही काचांत पाया खाली असलेले प्रिझम देतात.

अजून एक. नानांच्या पापण्या कमी मिटत असतील तर एप्रिल-मेच्या झळांत बुबुळ कोरडं पडतं आणि अक्षरांना सावली येते. पापणी मिटून उघडल्यावर सावली गेली तर तो कोरडेपणा. कूलरचं तोंड चेहऱ्यापासून दुसरीकडे वळवा, डॉक्टरांना विचारून थेंब सुरू करा. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. हे करून आठवडाभराने मोजमाप घेतलेलं बरं. आपल्याकडचे म्हातारे ‘दोन दोन दखातस’ एवढंच सांगतात. सावली आहे की खरोखर दोन अक्षरं, हे तुम्हालाच विचारून काढावं लागेल.

वेळेसकट चारही आकडे मिळाले की इथे टाका.